भिंतीवरचं वाक्य

"मान जरा मागे घ्या, काका. उशी सरळ करते."

खाटेवरच्या म्हाताऱ्याने कुरकुरत मान मागे टाकली आणि त्याच्या हनुवटीखाली, एरवी कुणाला दिसणार नाही अशा जागी, एक जुनी आडवी खाच सिस्टरला दिसली. तिचा हात उशीवर तसाच राहिला. ही खाच तिने पाहिली होती. एकदा नाही, पुष्कळदा, आणि दर वेळी अशीच, मान मागे टाकलेली असताना.

"उशी देताय की विचार करताय?" म्हाताऱ्याने विचारलं.

तिने उशी बसवली, चादर ओढली आणि पुढच्या खाटेकडे गेली. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

म्हातारा त्याच आठवड्यात आला होता. स्वतःच्या सलूनच्या पायरीवरून घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पुतण्याने आणून सोडलं होतं. बायको-मुलं कुणी नव्हती. वॉर्डात सगळे त्याला 'सलूनवाले' म्हणू लागले होते. चेहरा लांबट, गाल बसलेले, हसण्याशी जुनं भांडण असावं असा. शेजारच्या खाटेवरचा ड्रायव्हर दिवसभर कुणाची ना कुणाची फिरकी घ्यायचा, अख्खा वॉर्ड खिदळायचा, सलूनवाले तेवढे छताकडे बघत पडून राहायचे.

सिस्टरची नोकरी आता संपत आली होती. याच वॉर्डात तिचे काळ्याचे पांढरे झाले होते. चेहरे ती विसरायची, नावं तर हमखास विसरायची, पण अंगावरच्या खुणा तिच्या डोक्यातून जात नसत. बाजारात एखाद्याने "ओळखलंत का?" म्हणून विचारलं की ती आधी त्याच्या कोपराकडे नाहीतर कपाळाकडे बघायची. आणि इथे खूण समोर होती, पण माणूस आठवत नव्हता.

संध्याकाळी ती दवाखान्याबाहेरच्या बसथांब्यावर उभी राहिली. समोरच्या भिंतीवर हल्ली मोबाइलची जाहिरात होती. तिच्याकडे बघता बघता सिस्टरला एकदम लख्ख आठवलं. खाच याच भिंतीवर होती. कित्येक वर्षं होती. पत्र्याच्या भल्या मोठ्या पाटीवर एक मिशीवाला माणूस खुर्चीत रेलून बसलेला, बाह्या दुमडलेल्या, हातात फेसाळलेला ग्लास, आणि मान मागे टाकून तो असा हसतोय की बघणाऱ्यालाही हसू यावं. खाली तांबड्या अक्षरांत लिहिलेलं: "आलात ना? टेका आता."

ते वाक्य तिचं होतं.

तिचा नवरा बिअरच्या कारखान्यात अक्षरं रंगवायचा. पत्र्याच्या पाट्या, ट्रे, बाटल्यांची लेबलं, जिथे म्हणून कारखान्याला काही बोलायचं असे तिथे ते याच्या कुंचल्यातून उतरायचं. त्यामुळे त्यांच्या घरात कारखान्याच्या जाहिराती पाहुण्यांसारख्या यायच्या आणि मुक्काम ठोकायच्या. सुरुवातीच्या काळात होती 'रोज एक, तब्येत नेक'. तिच्यात एक गुबगुबीत डॉक्टर स्वतः ग्लास पुढे करत होता. मग आली 'मर्दाची तहान, मर्दालाच जाण'. तिच्यात पिळदार दंडाचा लोहार होता आणि मागे ठिणग्या. मध्येच कधीतरी 'भूक वाढवी, झोप लावी' होती, तिच्यात तर चक्क एक आजी हसत होती. नवरा एकेक नमुना घरी आणून भिंतीला टेकवायचा आणि दूर उभा राहून एक डोळा मिटून बघायचा. सिस्टर म्हणायची, एकदा आमच्या वॉर्डात या, एकेकाची नेक तब्येत दाखवते. तो म्हणायचा, "मी अक्षरं काढतो. अर्थ कंपनीचा."

भांडण असं कधी झालं नाही. उलट तिला या पाट्यांची गंमत वाटायची. लोक काय वाचून भुलतात, याचं तिला कुतूहल होतं. लोहाराचं चित्र बघून कुणाला तहान लागत असेल, असं तिला खरंच वाटायचं नाही.

त्या सुमारास कारखान्याला नवी ओळ हवी होती. मॅनेजर रोज सगळ्यांना बसवून घ्यायचा आणि सगळे रोज तेच ते बोलायचे, ताकद आणि तहान. एके दिवशी अक्षरं काढणाऱ्यालाही विचारलं, तर हा बोलून गेला, की माझी बायको नर्स आहे, ऑपरेशन झालेला माणूस पहिल्यांदा खिडकीपर्यंत चालून खाटेशी परत आला की ती त्याला म्हणते, आलात ना? टेका आता. मी कामावरून आलो की मलाही तेच म्हणते. आणि साहेब, ते ऐकलं की खरंच दिवस संपल्यासारखा वाटतो.

मॅनेजरने ते वाक्य दोनदा स्वतःशीच म्हणून पाहिलं म्हणे. मग म्हणाला, काढा ही अक्षरं.

नवरा त्या दिवशी जवळजवळ धावतच घरी आला होता. सिस्टरलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगा. पाटी दवाखान्यासमोर लागली तेव्हा तिने शेजारणीला मुद्दाम त्या बसने नेऊन दाखवली. आपण रोज बोलतो ते एवढं मोठं लिहिलं की कसं दिसतं, हे तिला पुन्हा पुन्हा बघावंसं वाटे. आणि त्याहून नवल वाटे ते त्या माणसाचं. तो कशाला हसतोय? जाहिरातीतली माणसं दात दाखवतात. हा माणूस दात दाखवत नव्हता, हा हसत होता. तिने नवऱ्याला विचारलं, पण फोटो स्टुडिओतून तयार आला होता, माणूस कोण ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

पुढे ते वाक्य सगळीकडे झालं. ट्रेवर आलं, रेडिओवर आलं, बाटलीच्या बुचाच्या आतल्या बाजूला आलं. वॉर्डात ती एखाद्याला म्हणाली की तो हमखास विचारायचा, "टेकतो की, पण ग्लास कुठाय?" सगळे हसायचे, तीही हसायची. मग एकदा यकृत सुजून आलेला एक माणूस कसाबसा चालून खाटेशी आला. ती सवयीने बोलून गेली. माणूस हसला. त्याची बायको मात्र सिस्टरच्या मागोमाग दारापर्यंत आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, तेवढं वाक्य यांच्यासमोर नका बोलू. घरात मी तो रेडिओसुद्धा बंद करून टाकलाय."

त्यानंतर ती ते वाक्य बोलली नाही. ठरवून नाही, पण तोंडातून येईना. वॉर्डात नाही, घरीही नाही. नवऱ्याच्या लक्षात यायला थोडे दिवस लागले. त्याने एकदा चपला काढता काढता विचारलं, "हल्ली मला टेका म्हणत नाहीस तू."

"भिंतीवर लिहिलंय की एवढं मोठं," ती म्हणाली, "वाचा."

त्याने परत विचारलं नाही. पुढे कारखाना विकला गेला, बंद पडला, पाट्या उतरल्या. आता तर त्या जुन्या पाट्या नव्या हॉटेलांत शोभेला लावतात म्हणे, लोहार, डॉक्टर आणि आजीसकट.

दुसऱ्या दिवशी सिस्टर कामावर गेली ती सलूनवाल्यांच्या खाटेकडे चोरून बघतच. मिशी नव्हती, गाल नव्हते, हसू तर औषधालाही नव्हतं. तिने सरळ विचारायचं टाळलं. गोळ्या देताना म्हणाली, की तुमचा कधी फोटोबिटो लागला होता का कुठे?

"नाही," सलूनवाले म्हणाले.

दुपारी ती ड्रेसिंगला गेली तेव्हा म्हणाली, की समोरच्या भिंतीवर पूर्वी एक पाटी होती, बिअरची.

"असेल."

"त्या माणसाच्या हनुवटीखाली अशीच खाच होती."

सलूनवाल्यांचा हात हनुवटीकडे गेला. मग म्हणाले, "मिशी काढली तेव्हा वाटलं होतं, सुटलो. हनुवटी लक्षातच आली नाही."

शेजारच्या खाटेवरून ड्रायव्हर कोपरावर उठून बसला. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि पोट तट्ट फुगलं होतं, पण कान शाबूत होते. "म्हणजे ते तुम्ही?" तो म्हणाला. "अहो, माझ्या गाडीच्या केबिनमध्ये होतात तुम्ही. इतकी वर्षं एकत्र फिरलो आणि ओळख नाही दिली."

मग सलूनवाल्यांना सांगावंच लागलं. त्यांनी ते तुटक तुटक सांगितलं, नको असलेलं सामान एकेक करून बाहेर ठेवावं तसं. त्यांचं दुकान स्टुडिओच्या बरोबर खाली होतं. ज्याला फोटोसाठी बोलावलं होतं त्याची दाढ सुजली आणि तो आलाच नाही. फोटोवाला रोजचं गिऱ्हाईक. त्याने हात धरून यांना वर नेलं, बाह्या दुमडल्या, खुर्चीत बसवलं. ग्लासात बिअर नव्हतीच. दिव्यांच्या उष्णतेने तिचा फेस बसायचा, म्हणून पातळ चहा ओतला होता आणि वर साबणाचा फेस घोटून घातला होता. तो फेस यांनीच घोटून दिला. कामच ते.

"सगळं जमलं, पण मला हसता येईना," ते म्हणाले. "वस्तरा हातात असताना हसून चालत नाही. गिऱ्हाईक हसतं, आपण नाही. अंगात मुरलेलं असतं ते. त्यांनी किती विनोद सांगितले, एकाने तर नाचून दाखवलं. माझा चेहरा आपला तोच. शेवटी फोटोवाला कंटाळला. टेबलावर कंपनीचा कागद होता, त्यावर जाहिरातीची ओळ होती. ती त्याने नुसती वाचली."

"आणि?" सिस्टरने विचारलं. हातातला कापसाचा बोळा तसाच होता.

"आणि काय. मी लहानपणापासून लोकांना खुर्चीत बसवतोय. या, बसा. या, बसा. आपण उभे. दिवसभर उभे, आयुष्यभर उभे. मला कुणी तसं म्हटलेलंच नव्हतं. आणि त्या वेळी मी खरोखरच बसलेलो होतो. एकदम हसूच फुटलं मला. आवरेना. तोवर त्याने फोटो काढला."

ड्रायव्हर कोपरावरून खाली सरकून परत उशीला टेकला.

सलूनवाल्यांनी पुढचं थोडक्यात उरकलं. पाट्या लागल्यावर गिऱ्हाइकं आत येऊन तेच वाक्य यांना ऐकवत आणि स्वतः खुर्चीत बसत. जो तो बिअर पाजायला बघे. एकदा चाखली, कडू लागली. मग मिशी उतरवली.

सिस्टरने ड्रेसिंग पुरं केलं. पट्टीचं टोक चिकटवलं, ते नीट चिकटलंय ना म्हणून दोनदा दाबलं. मग म्हणाली, "ते वाक्य माझं आहे."

तिला वाटलं होतं, ते विश्वास ठेवणार नाहीत. तिने कसं, कुठून, नवरा, मॅनेजर, सगळं सांगितलं. सलूनवाले ऐकत होते ते तिच्या चेहऱ्याकडे बघून, आरशात गिऱ्हाइकाचा चेहरा बघावा तसे.

"मग म्हणा बघू," ते म्हणाले.

"आत्ता?"

"नुसता कागद वाचलेला ऐकलाय मी. जिचं आहे तिच्या तोंडून कसं वाटतं ते कळू दे."

सिस्टर अवघडली. मग पदर सारखा करावा तसा तिने ॲप्रन सारखा केला आणि म्हणाली, "आलात ना? टेका आता."

तिचं तिलाच ऐकवेना. रेडिओवरची बाई बोलायची तसंच निघालं, शेवटी सूर वर चढलेला, पाठोपाठ बूच उडाल्याचा आवाज यावा असं. सलूनवाल्यांनी मान हलवली. "छे. फोटोवाला बरा म्हणाला होता."

सिस्टरला हसू आलं. आणि ते बघून सलूनवाल्यांची मान मागे गेली, खाच दिसली, आणि दात पडलेल्या त्या तोंडातून तेच हसू बाहेर आलं. खुब्यात कळ आली तरी थांबेना. भिंतीवर होतं त्याच्यापेक्षा जरा लहान होतं, पण तेच होतं.

हसणं ओसरल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "सिस्टर, मी त्या वाक्यामुळे प्यायलो असं समजू नका. मी कशानंही प्यायलो असतो." मग छताकडे बघत म्हणाला, "पण बाटली उघडली की म्हणायचो मी ते. गाडी लावायची, पाय वर घ्यायचे आणि आपणच आपल्याला म्हणायचं. दुसरं कोण म्हणणार?"

सिस्टरने त्याचं सलाईन तपासलं. ते तपासायची वेळ झालेली नव्हती.

त्यानंतरच्या दिवसांत सलूनवाले सुधारत गेले आणि ड्रायव्हर खालावत गेला. सलूनवाले आधी आधाराने उभे राहिले, मग चाकाच्या खुर्चीत बसून वॉर्डभर फिरू लागले. त्यांनी पुतण्याकडून दुकानातली पेटी मागवून घेतली आणि ज्याची दाढी वाढलेली दिसेल त्याच्यापुढे जाऊन थांबायला लागले. ड्रायव्हरच्या थट्टा कमी झाल्या. तो आता बराच वेळ डोळे मिटून असायचा. एका सकाळी मात्र त्याने सिस्टरला जवळ बोलावलं. लांबच्या गावाहून त्याची मुलगी येणार होती. तिने त्याला बऱ्याच वर्षांत पाहिलेलं नव्हतं. हा असा अवतार बघून ती दारातूनच परत जाईल, असं त्याचं म्हणणं. दाढी करून मिळेल का?

तिने सलूनवाल्यांना बाजूला नेऊन स्पष्ट सांगितलं. यकृत गेलेल्या माणसाचं रक्त गोठत नाही. नखाएवढं जरी कापलं तरी ते थांबता थांबणार नाही. डॉक्टरही तेच म्हणाले, आणि मग ड्रायव्हरच्या खाटेकडे बघून म्हणाले, त्याची इच्छा असेल तर करा, पण तुम्ही तिथून हलू नका.

"करता येईल तुम्हाला?" सिस्टरने विचारलं.

सलूनवाले आपले हात उलटेपालटे करून बघत होते. "उभा राहून आली असती," ते म्हणाले. "दुकानात बसून कधी केलेली नाही. बसून केलेल्या सगळ्या इथल्याच." त्यांनी आणखी थोडा विचार केला. "करतो."

त्यांनी हात दोनदा धुतले. नवं पातं काढलं. सिस्टरने गरम पाणी आणलं, ड्रायव्हरची खाट डोक्याकडून उचलली आणि चाकाची खुर्ची उशीच्या अगदी लगत लावून तिचा ब्रेक लावला. सलूनवाल्यांनी साबणाचा फेस घोटायला सुरुवात केली. घाई नव्हती. फेस दाट होईपर्यंत ते घोटत राहिले आणि मग त्या पिवळ्या, सुकलेल्या गालांवर त्यांनी तो असा लावला, जणू दुखऱ्या जागी मलम लावताहेत.

वस्तरा जवळ आला तशी ड्रायव्हरची मान ताठ झाली. मानेच्या शिरा वर आल्या. तो घाबरला होता, आणि आपण घाबरलोय हे लपवायला त्याला आज विनोद सुचत नव्हता. सिस्टरने बोळा हातात तयार ठेवला.

सलूनवाल्यांनी वस्तरा बाजूला घेतला. डावा हात ड्रायव्हरच्या मानेखाली सरकवला, तळवा पसरून, आणि त्याच्या कानाशी वाकून ते काहीतरी बोलले. चारच शब्द असतील, भिंतीवरचे नव्हेत, त्यांचे स्वतःचे. दुकानात रोज, प्रत्येकाला, विचारही न करता म्हणत असतील असे साधे शब्द. पण ते ऐकून ड्रायव्हरचा श्वास सुटला, खांदे खाली आले, आणि त्याने आपल्या डोक्याचा सगळा भार त्या तळव्यावर सोडून दिला.

सिस्टर हाताच्या अंतरावर होती. तिला शब्द स्वच्छ ऐकू आले. आसपासच्या खाटांवरची माणसं माना उंचावून बघत होती. कुणीतरी विचारलंही, काय म्हणाले हो ते?

"काही नाही," सिस्टर म्हणाली. एक वाक्य भिंतीवर गेलं होतं, तेवढं पुरे होतं. ती पुढे झाली आणि तिने खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला, कडीपासून कडीपर्यंत, फट राहू न देता. आत पाण्यात वस्तरा बुडाल्याचा आवाज आला, मग गालावरून तो अलगद फिरल्याचा. ती बोळा हातात धरून पडद्याच्या आतल्या बाजूला, वॉर्डाकडे पाठ करून उभी राहिली.